कशाबद्दल

रहवासी संघाचा सचिव या नात्याने
नियम अकरावा मीच लिहिला:
दर्शनी भागात कपडे वाळत घालू नयेत.
"दर्शनी" हा शब्द सुचला तेव्हा
फार बरं वाटलं होतं.
वीज मंडळात बत्तीस वर्षं काढली,
कागदावर काय शोभतं ते कळतं.

मग कॅमेरे आले. आठ.
बसवणारा पोरगा शिडीवरून म्हणाला,
"भिया, ये तो सीधा चौदा नंबर में घुस रिया है."
म्हटलं, राहू दे, तिथून वळण दिसतं.
वळणही दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

चौदा नंबरात शालिनीताई मुंगी,
निवृत्त, चित्रकलेच्या बाई.
त्यांचं पत्र आलं, वहीच्या पानावर:
घर माझं, ओसरी माझी,
तिथे बसून मी मेथी निवडते की मटार सोलते
की नुसतीच बसते,
हे संघाने का बघावं?
सभेत वाचून दाखवलं. लोक हसले.
ठराव: पत्र दप्तरी दाखल.

दुसऱ्या दिवशी,
कचरागाडीचं गाणं कोपऱ्यावर पोचायच्या आत,
बाईंनी दोन खांबांना दोरी बांधली
आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर
अख्खी सहावारी पसरली.

दंड दिवसाला पन्नास.
आणून द्यायच्या, सुटे. पावती मागायच्या.
पावतीवर "कशाबद्दल" असा रकाना असतो.
मी लिहिलं, नियमभंग.
म्हणाल्या, नीट लिहा.
लिहिलं, साडी.
म्हणाल्या, कोणती?

तर आमच्या पावतीपुस्तकात, माझ्याच अक्षरात,
वांगी रंगाची माहेश्वरी, काठ विरलेला.
पांढरी, निळे ठिपके.
पिवळी. त्या दिवशी वारा होता,
क्षणभर पदर उडाला,
मागे खुर्चीचा पाय
आणि एक अनवाणी पाऊल, म्हातारं.
मी चित्रण मागे नेलं. पुन्हा पाहिलं.
बायकोने विचारलं, काय बघताय एवढं?
म्हटलं, सुरक्षा.

शनिवारी खजिनदार बिल्लोरे घरी आले.
पोहे घेतले, वर जिरावन मागून घेतलं,
इकडची तिकडची झाली,
मग चमचा बशीत ठेवून, हळू आवाजात:
"तुमच्या बाजूचा कॅमेरा माझ्याकडे असतो ना.
सूनबाई रात्री दोनला मागच्या पायरीवर बसलेल्या असतात.
एकट्याच. रडतात असं मी म्हणत नाही.
तीन रात्री झाल्या.
म्हटलं, तुमच्या कानावर असावं."

आत ओट्यावर भांडं आपटलं,
की नुसतं ठेवलं कुणी.
मी म्हणालो, आभारी आहे.
खरंच म्हणालो तसं. सवय.

तीन रात्री.
मी भिंतीपलीकडे घोरत होतो
आणि चार घरं सोडून बिल्लोरे जागे होते.
आता केतकीला विचारायचं तरी काय?
तिने विचारलं, बाबा, तुम्हाला कसं कळलं,
तर कोणता नियम सांगू?

सोमवारी सियागंजातून दोरी आणली,
नायलॉनची, हिरवी.
मागच्या दारी खिळा ठोकताना
पहिला वाकला, दुसरा अंगठ्यावर बसला.
केतकी बाहेर आली.
काही बोलली नाही.
बादलीतली चादर उचलून
एक टोक माझ्या हातात दिलं,
दुसरं धरून मागे मागे सरकत गेली,
आणि आम्ही दोघांनी झटकली.
पाणी चष्म्यावर आलं.

मागचा भाग दर्शनी होतो का,
यावर मला चार पानं लिहिता आली असती.
पावतीपुस्तक उघडलं.
नाव, माझंच. रक्कम, पन्नास.
कशाबद्दल,
इथे पेन बराच वेळ थांबलं.
लिहिलं, चादर.
मग, नीट:
निळी, दुहेरी विणीची, जाड,
पलीकडचं काही दिसत नाही अशी.